साठ जोड्या हातमोजे

माझ्या बायकोला माझे दोष तोंडपाठ आहेत. कुणी विचारलं तर ती उजळणी करून दाखवेल. पण त्या यादीत हा एक नाही. मुलीला सांगितला नाही, मित्रांना नाही — आणि खरं म्हणजे इतकी वर्षं मी स्वतःलाही तो पुरता सांगितलेला नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

कुठून सुरू करू? मुलीपासूनच करतो. ती वकील आहे, पुण्यात असते. मागे फोनवर सांगत होती — मोठ्या ऑनलाइन कंपन्या लहान हॉटेलवाल्यांकडून लिहून घेतात, की आमच्यापेक्षा कमी दरात खोली कुणालाही द्यायची नाही, स्वतःच्या काउंटरवरसुद्धा नाही. ऐकायला वाटतं, ग्राहकाचं भलंच आहे. प्रत्यक्षात काय होतं? एकाला सवलत दिली की मोठ्यालाही द्यावी लागते, म्हणून हॉटेलवाला कुणालाच दर उतरवत नाही. असल्या अटींवर स्पर्धा कायद्याखाली खटले चालतात म्हणे. "बाबा, तुमच्या कारखान्यात होती का अशी अट?" तिनं विचारलं. होती की! मी अर्धा तास समजावून सांगितलं. सगळं सांगितलं — शोभाताई सोडून.

मी इथे भोपाळला एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागात होतो. वर्षभराचा दर ठरवून माल घ्यायचा, आणि करारात एक कलम ठरलेलं — या वर्षात पुरवठादारानं तोच माल दुसऱ्या कुणाला स्वस्तात विकला, तर तो दर आम्हालाही लागू, आणि आधी घेतलेल्या मालावरचा फरक त्याच्याकडून वसूल. 'फॉल क्लॉज' म्हणायचो आम्ही. मला ते कलम फार आवडायचं. आपल्याला कुणी गंडवू शकत नाही, ही भावना काही वाईट नसते.

शोभाताई भोपाळच्याच सोनागिरी वस्तीत राहायच्या. यजमानांना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा त्यांनी कारखान्यातली नोकरी सोडली आणि दोघांनी घरच्या पुढच्या खोलीत चार शिलाई मशिनं टाकली. कारखान्याला लागतात ते जाड कापडी हातमोजे शिवायचे. यजमान कापड बेतायचे, ताई आणि आणखी तीन बायका शिवायच्या. त्यांचा माल एकदाही परत गेला नाही. ऑफिसात मी त्यांचा 'सर', मराठी मंडळात 'भाऊ'.

त्या वर्षी मंडळाचा कार्यवाह मी होतो. विसर्जनानंतर तलावाचा घाट साफ करायची कल्पना माझीच. निर्माल्य, काचा, मूर्तींमधल्या तारा — हातमोजे तर हवेतच. मी ताईंकडे गेलो. म्हटलं, साठ जोड्या लागतील, जरा कमी दरात बघा. त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, तशाच घेऊन जा. देवाच्या कामाचे पैसे कसले?"

इथे मी दर वेळी अडकतो. तशाच आणल्या असत्या तर? देणगी म्हणजे विक्री नव्हे — कलम तिला लागतच नाही. पण मी पडलो धुतल्या तांदळासारखा माणूस! पुरवठादाराकडून फुकट घेऊ? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, पैसे घ्याच, आणि पक्कं बिल द्या, मंडळाचं काम चोख हवं. त्या नको नको म्हणत राहिल्या. शेवटी नुसत्या कापडाचे पैसे लावले, जोडीमागे पाच रुपये कमी, आणि मंडळाच्या नावानं बिल फाडलं. मला तेव्हा कलम आठवलं नाही का? आठवलं. साठ जोड्यांना कोण विचारतंय, असं वाटलं.

चार-पाच महिन्यांनी विभागात निनावी पत्र आलं. सोबत त्या बिलाची झेरॉक्स. कुणी पाठवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. हातमोजे पुरवणारे आणखीही होते. आमचे साहेब बाहेरून बदलून आलेले, मराठी मंडळ कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नव्हतं. फाईल माझ्याकडे आली आणि ताईंना बोलावणं गेलं. त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या, कराराची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

साहेबांनी विचारलं, "मैडम, ये रेट आपने किसके कहने पर दिया?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी पेनाला टोपण लावत होतो — ते लागलेलंच होतं.

"मंडल का काम था, सर," त्या म्हणाल्या. "भगवान का काम."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. का? मला वाटतं, त्या मला वेळ देत होत्या. भाऊ आता बोलतील, अशी त्यांची खात्री असणार. भाऊ बोलले नाहीत.

पण तेवढंच असतं तर — नाही, आता सांगूनच टाकतो. गप्प बसण्यावर भागलं नाही. त्या गेल्यावर फाईलवर शेरा मी लिहिला. कमी दराचं समाधानकारक कारण पुरवठादाराला देता आलं नाही, सबब कलम लागू करावं. कारण मला ठाऊक होतं. कारण मीच होतो. आणि वाटही ठाऊक होती — आदल्याच वर्षी रंगाच्या एका बड्या पुरवठादारानं बाहेर स्वस्त विकलं, तेव्हा 'पॅकिंग वेगळे', म्हणजे माल तोच नव्हे, एवढं लिहून मीच त्याला सोडवलं होतं. ताईंसाठी तर नुसतं खरं लिहायचं होतं, तेही माझ्यानं झालं नाही. माझं काय गेलं असतं? बढती एखादं वर्ष पुढं गेली असती. नोकरीला धक्का नव्हता.

वर्षभराच्या मालावरचा फरक त्यांच्या अडकलेल्या बिलांतून कापला गेला. पुढचा करार मिळाला नाही. मशिनं विकली गेली, त्या तीन बायकांचं काम गेलं. मला बढती मिळाली, आणि मी पेढे वाटले. मंडळात ताई पुन्हा दिसल्या नाहीत. मी चौकशी केली नाही.

आता त्या इंद्रपुरीत, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, ब्लाउज शिवतात. एकच मशीन आहे. मी तो रस्ता टाळतो, बायको मात्र जाते. गेल्या आठवड्यात ती फणकारतच घरी आली. आमच्या कामवालीच्या मुलीचं लग्न आहे, तिचे ब्लाउज टाकायला गेली होती. म्हणाली, गरिबाघरची मुलगी आहे, थोडं कमी करा, तर ताईंनी साफ नाही म्हटलं. "वहिनी, हवं तर पैसे न घेता शिवून देते. पण रेट कमी नाही करणार. सबको एक ही रेट."

"विचित्रच बाई आहे," बायको म्हणाली. "स्वभाव असेल एकेकाचा."

मी म्हटलं, असेल.