ट्रम्पेटवाल्याचे जामीनदार

आमच्या गल्लीतले बॅण्डमास्तर वाण्याकडे पावशेर साखर मागतात तीही अशी, की वाणी आधी सावधान उभा राहतो आणि मग वजन करतो. छाती पुढे, मिशा वर, आणि संकोच नावाची चीज घरात कधी आलेलीच नाही.

त्यांच्या ट्रम्पेटवाल्यानं एका लग्नात भांडणाच्या भरात आचाऱ्याच्या डोक्यात ट्रम्पेट घातलं. आचाऱ्याला टाके पडले, ट्रम्पेटला पोचा. खटला उभा राहिला. कोर्टानं दोन जामीनदार मागितले. एक मास्तर स्वतः, दुसरी त्यांची थोरली बहीण. शिवणकाम करून घेतलेली एक खोली तिच्या नावावर होती.

"ताई, सही कर. माझ्या हाताखालचा माणूस आहे, पळून जाईल कुठे?"

माणूस मुळीच पळाला नाही. कोर्टाच्या तारखेला तो एका लग्नात झोकात वाजवत होता. आणि त्याला तिथं पाठवलं कुणी? मास्तरांनीच! सुपारी तगडी होती, तारीख डोक्यातून साफ गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला मानगुटीला धरून कोर्टात उभा केला, पण नोटीस निघायची ती निघालीच. जामिनाची रक्कम का वसूल करू नये, ते येऊन सांगा. नाहीतर ताईंच्या खोलीवर जप्ती.

"डोकं काय बॅण्डच्या गाडीत विसरून आलास?" ताई शिलाईमशीन न थांबवता कडाडल्या. "या वयात मला रस्त्यावर बसवतोस?"

"तू फक्त शेजारी उभी राहा. साहेबांशी मी बोलतो."

"तीच तर भीती आहे मेल्या!"

वकिलांनी सुचवलं, "पोरगा तापानं फणफणला होता, असं लिहू."

मास्तर उसळले, "वकीलसाहेब, तीनशे माणसं नाचली हो त्याच्यापुढे! असा ताप कुणाला येतो?"

कोर्टात मास्तर पितळी बटणांचा लाल कोट घालून हजर. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "इथे लग्न आहे का कुणाचं?"

"नाही साहेब. धुतलेला कोट हा एकच."

मग मास्तर बोलायला लागले आणि आवाज एवढा खाली गेला, की साहेबांना सांगावं लागलं, "जरा मोठ्यानं बोला."

"साहेब, त्याला मीच वाजवायला पाठवला. ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं माझ्या शब्दावर सही केली. माझ्याकडून काय हवं ते घ्या, बॅण्ड विकून भरतो. तिची खोली तेवढी सोडा."

न्यायाधीश ताईंकडे वळले. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"साहेब, चूक ह्याचीच आहे. पण बॅण्ड विकायला लावू नका. बॅण्ड गेला तर हा माझ्याच खोलीत राहायला येईल!"

कारकुनाला ठसका लागला. साहेबांनी बराच वेळ कागदात तोंड खुपसून ठेवलं. आरोपी लगेच हजर झाला आणि जामीनदार खोटं बोलले नाहीत, हे धरून त्यांनी ताईंना पूर्ण माफी दिली. मास्तरांनी चौथा हिस्सा भरायचा, तोही हप्त्यांनी.

बाहेर येताच मास्तर पुन्हा फुगले. "पाहिलंस ताई, कसा बोललो?"

ताईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. ट्रम्पेटवाल्याला त्या म्हणाल्या, "पुढच्या तारखेला सकाळी माझ्याकडे जेवायला ये. तुला कोर्टात मी आणते. आणि येताना ह्यालाही घेऊ."