चकतीवरचं कुंकू आणि कमलताई

कमलताईंची आणि माझी पहिली ओळख एका शंकेतून झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मंगळवार पेठेतल्या आमच्या शाळेत संगणक आला आणि त्याची खोली भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या ताईंकडे सोपवली गेली. मी मराठीचा शिक्षक. सीडी ‘बर्न’ केली असं जो तो म्हणे. त्यात जळतं काय, एवढंच मला विचारायचं होतं. ताईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. कोऱ्या सीडीत रंगाचा पातळ थर असतो, लेसरच्या उष्णतेने तो जागोजागी बदलतो आणि त्याच खुणा यंत्र पुढे वाचतं, असं त्यांनी समजावलं. मग ‘ट्रॅक’ म्हणजे काय, ‘सेशन’ म्हणजे काय, असं करता करता माझा तास बुडाला. मुख्याध्यापकांची बोलणी आम्ही दोघांनी खाल्ली.

न समजलेला शब्द वापरायचा नाही, हा ताईंचा कटाक्ष. एकदा त्यांनी निकामी सीडीच्या नाव लिहितो त्या बाजूला चिकटपट्टी लावून खसकन ओढली. चंदेरी थर सोलून हातात आला. माहिती नावाच्या बाजूला, अगदी वरच असते, हे मला तेव्हा कळलं.

माझे वडील गेल्यावर त्यांच्या कॅसेटवरचा आवाज ताईंनीच सीडीवर घेऊन दिला. कॅसेट पुढे तुटली, उरली ती एवढी एक चकती. वर्षश्राद्धाला बिद्रीजवळच्या आमच्या घरी ती ऐकायची होती. आत्यांनी ती आधी देवापुढे ठेवली आणि ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं, तेही चकचकीत बाजूला.

“चकाकतंय ते तोंडच की,” त्या म्हणाल्या.

प्लेअर काही चकती ओळखेना. घाबरून आत्यांनी ती पदराने गोल गोल पुसली, तरी नाहीच. “माझ्या हातनं भाऊ दुसऱ्यांदा गेला,” म्हणत त्या रडू लागल्या. मी ताईंना फोन केला.

ताई मिळेल त्या एसटीने आल्या. मूळच्या आजऱ्याच्या असल्याने आत्यांशी त्यांच्याच बोलीत बोलल्या, “आवाज वरच्या अंगाला हाय आत्या, कुंकू खालनं लागलंय. भिऊ नगासा.” साध्या पाण्याने चकती धुऊन त्यांनी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसली. गोल पुसलं की ओरखडे ट्रॅकच्या, म्हणजे खुणांच्या गोल वाटेनेच जातात, मग तुटलेली माहिती भरून काढणं यंत्राला जड जातं, हे त्यांनी मला पुसता पुसताच सांगितलं.

चकती वाजली. लहानपणी आत्यांसोबत उसाच्या गाडीत लपून कारखान्यावर गेल्याची हकिकत वडील सांगत होते. ऐन मोक्याला आवाज तुटला आणि पुढे काहीच येईना.

“फुडचं मला ठावं हाय,” आत्या म्हणाल्या आणि सांगू लागल्या. ताईंनी घरातल्या टेपरेकॉर्डरवर ते टिपून घेतलं. नव्या सीडीवर दोघांचे आवाज एकापाठोपाठ घेतले, मधली तुटलेली जागा मात्र तशीच ठेवली. ती झाकली तर खोटं होईल, असं त्यांचं म्हणणं.

आता आत्याही नाहीत. ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. हा आवाज किती वर्षं टिकेल, असं मी त्यांना परवा विचारलं. “नक्की कुणालाच माहीत नाही. मधूनमधून लावून बघायचं,” त्या म्हणाल्या. ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. दरवर्षी श्राद्धाला ती सीडी लावताना त्या आमच्या घरी असाव्यात, एवढंच माझं मागणं आहे.