अक्षता पडेपर्यंतचा आवाज

कुसगावात माझं साउंडचं दुकान आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांतल्या पार्ट्यांना मी वाजवतो, पण तिथं माझा जीव रमत नाही. तिथली माणसं आपल्याकडं बघतही नाहीत, नुसतं आवाज वाढवायला सांगतात. गावाकडच्या लग्नात डीजेवाला म्हणजे अर्धा कारभारी. नवरदेवाचे मित्र नाचता नाचता हटेनात की गाणं मध्येच आवरतं घ्यायचं. भटजी घड्याळाकडं बघायला लागले की माइकवरून करवल्यांना हाका मारायच्या. मानाच्या फेट्यावरून एखादे पाहुणे फुगून बसले की त्यांचं नाव दोनदा पुकारायचं, तेही जरा लांबवून. गाणी काय, कुणीही लावतं. खरं काम असतं ते लग्न पुढं ढकलत नेण्याचं.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात सुदुंबऱ्याला असंच एक लग्न होतं. सकाळी मी वायरी ओढत होतो तेव्हा नवरी स्वतः माझ्या टेबलापाशी आली. हळद अजून मानेवर होती. हातात मोबाइल.

"दादा, आमचं आबा तळेगावला दवाखान्यात हायेत. त्यांना न्हाई येता आलं. मंगलाष्टकं सुरू झाली की काकूला फोन लावून हितं ठिवाल का? काकू त्यांच्यापाशीच हाय. आबांना ऐकायचंय."

आबा म्हणजे तिचे आजोबा. तिनं फोन उघडून काकूचं नाव मला दाखवलं, पुन्हा पुन्हा बजावलं आणि गेली. मी फोन मिक्सरच्या बाजूला उभा करून ठेवला. असली कामं मला आवडतात. त्यात काही कष्ट नसतात आणि माणूस आयुष्यभर नाव काढतं.

वऱ्हाड पारापाशी आलं होतं तेव्हा नवरीचे काका मांडवाच्या मागच्या बाजूनं आले. सकाळपासून तेच सगळीकडं धावत होते, आचाऱ्याला ओरडत होते, माझीही दोनदा खरडपट्टी काढून झाली होती. आता त्यांचा आवाजच निघेना. मला हाताला धरून त्यांनी जनरेटरपाशी नेलं.

"आबा गेलं," ते म्हणाले. "आत्ता फोन आला मला."

त्यांनी माझा हात सोडला नव्हता.

"कुनाला म्हाईत न्हाई. भावालाबी न्हाई. कानावर गेलं की सुतक लागलं, मंग कसलं लगीन? तू घरचा न्हाईस, तुला चालतंय ऐकलेलं. अक्षता पडून हार घालून होऊस्तवर आवाज खाली येऊ देऊ नगंस. कुनाचा फोन वाजला तरी ऐकू जाता कामा नये. हार झालं की मला सांग, मंग मी सांगतो समद्यांना."

सुतकाचं हे गणित मला कधी पटलेलं नाही. माणूस जातो तेव्हा जातो, आपल्या कानाशी त्याचा काय संबंध? पण समोर दोन्हीकडचं वऱ्हाड जमलेलं, अन्न शिजलेलं, आणि ती पोरगी आत मुंडावळ्या बांधून बसलेली. त्या वेळी मला पटण्या न पटण्याला काडीची किंमत नव्हती. मी हो म्हणालो.

काका पुन्हा मांडवात आले नाहीत. त्यांनी ऐकलं होतं, म्हणजे त्यांना सुतक लागलं होतं. ज्या मांडवासाठी त्यांनी आठवडाभर जिवाचं रान केलं, त्याच्या आत आता ते पाऊल ठेवणार नव्हते. जनरेटरमागं एका दगडावर तोंडात टॉवेलचा बोळा धरून बसले. तेवढ्यात नवरीच्या वडलांनी माइकवरून त्यांना पुकारायला सांगितलं, मानाचा फेटा बांधायचा होता. काका जेवणाकडं गुंतलेत, असं मी सगळ्या गावाला स्पीकरवरून खोटं सांगितलं आणि वरून गाणं चढवलं. बायका कानावर हात ठेवून माझ्या नावानं बोटं मोडायला लागल्या. एक म्हातारे काठी उगारून म्हणाले, "आरं, बहिरं करतो का काय!" मी हसलो. कसा हसलो, मला माहीत नाही.

मग आंतरपाट धरला. गाणं बंद करून मी भटजींचा माइक चढवला. नवरीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी फोन उचलून तिला दाखवला आणि खरोखरच लावला. नुसता लावल्यासारखं करणं माझ्यानं झालं नाही.

काकूनं उचलला. मी टेबलाखाली वाकलो, दुसऱ्या कानात बोट घातलं.

"तुमाला कळलंय व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय, मावशी."

मग ती म्हणाली, "अजून न्हेलं न्हाई त्यांना. हितंच हायेत. ठिवा फोन तितं. मी त्यांच्या कानापाशी धरते."

मी फोन टेबलावरच्या छोट्या मॉनिटर स्पीकरसमोर ठेवला. भटजींचा आवाज मी होता होईल तेवढा स्वच्छ केला, एक चरणही फाटू दिला नाही. शेवटचं सावधान झालं, तांदूळ उडाले, सनई लावली. हार घालून झाले.

नवरी स्टेजवरून मला हातानं बोलवत होती. मी फोन घेऊन गेलो. तो अजून चालूच होता. तिनं माझ्या हातातून ओढूनच घेतला.

"आबा, पडल्या बघा अक्षता! ऐकलंसा का?"

तिनं फोन कानाला घट्ट दाबला, मग दुसरा कान झाकला. मग माझ्याकडं बघितलं.

"दादा, बारीक करा की जरा. आबा काय म्हनत्यात, ऐकूच यीना."

मी मांडवाच्या मागच्या कापडाकडं बघितलं. फटीतून काका बघत होते. हार झाले, अशी मी मान डोलावली. त्यांनी वाकून स्वतःच जनरेटर बंद केला.

सनई मध्येच तुटली. पंखे हळू होत थांबले. नवरी फोन कानाला लावून तशीच उभी होती. आता तिला फोनमधलं रडणंही ऐकू येत होतं आणि कापडामागचंही.