एक काडी मागायची नव्हती म्हणून

आमच्याकडे कोयीपासून वाढलेल्या आंब्याला नाव असतं. शेपू, खोबऱ्या, गोट्या. पहिलं फळ खाणारा जे बोलून जाईल ते नाव. एकदा पडलं की पडलं. माझ्या मळ्यातल्या घरामागे जो आंबा आहे, त्याला मी नऊ वर्षं वाढवलं आणि माझ्या थोरल्या भावाने एका घासात त्याचं नाव ठेवून टाकलं.

सुरुवात वाटणीपासून झाली. मी गुरांच्या बाजारात दलाली करून वर आलेला माणूस. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा आणि खालून समोरच्याची बोटं दाबायची; जितकी बोटं, तितका आकडा. बापाचं रान वाटायची वेळ आली तेव्हा विहीर आणि बांधावरचा साखऱ्या आंबा एवढ्यावरच घोडं अडलं होतं. मी विहिरीसाठी भांडायच्या तयारीने गेलो. भाऊ म्हणाला, "विहीर तू ले. आंबा मनाकडे राहू दे." झालं. भांडण नाही, घासाघीस नाही. गावाने मात्र मीच भावाला लुबाडलं असं ठरवलं. ते मी अजून विसरलेलो नाही. ज्याने मागितलंच नाही त्याला मी लुबाडणार कसा?

त्यानंतर दरवर्षी मृगाच्या आधी साखऱ्याची एक पाटी माझ्या ओट्यावर यायची. भाऊ ठेवायचा आणि निघायचा. मी पाटीत परत काय पाठवू? मका पाठवला तर त्याने गुरांना घातला. साखऱ्याच्या रसाची गोडी जिभेवर असायची आणि पोटात राग असायचा.

म्हणून ठरवलं, आपलाच साखऱ्या लावायचा. रोपवाटिकेवाल्याने तेव्हाच सांगितलं होतं, "आबा, कोयीचं झाड आईवर जाईलच असं नाही. भावाकडून काडी आणा, मी कलम बांधून देतो." पण काडी आणायची म्हणजे मागायची. कोय मात्र माझीच होती. माझ्या ओट्यावर आलेला आंबा मी खाल्ला, कोय माझ्या दाताखालची. तिच्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता. हा हिशोब मला फार हुशारीचा वाटला.

पाच कोयी लावल्या. दोन कुजल्या, एक घुशीने नेली, एक शेळीने शेंड्यापासून खाल्ली. उरलेल्या एका रोपाभोवती मी बोरीचे काटे रचले, भांडी घासलेलं पाणी त्याच्याकडे वळवलं. बायको म्हणायची, "एक काडी मांगाले तुमनी जीभ झडी जाई का?" मी तिच्याशी आठ दिवस बोललो नाही.

नवव्या वर्षी धरला. वीस-बावीस फळं, रंग थेट साखऱ्याचा. मी ती गवतात पिकवली, मुद्दाम भावाला बोलावलं आणि पहिलं फळ त्याच्या हातात दिलं. त्याने चोखलं, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "हाऊ तं आंबट्या शे रे!" बायको हसली. शेजारीण कुंपणापलीकडून हसली. संध्याकाळपर्यंत गावभर नाव झालं. वर पुढच्या वर्षी कैऱ्या धरल्या आणि लोक पिशव्या घेऊन दारात: "आबा, आंबट्याच्या चार द्या ना, लोणचं काय टिकतं!" मी साखऱ्या लावला होता. लोणच्यासाठी लावला नव्हता.

रोपवाटिकेवाला म्हणाला, अजूनही वेळ गेलेली नाही. फांद्या छाटा आणि राहिलेल्या खुंटांवरच साखऱ्याची काडी बांधा. पुन्हा काडीच. झाड तोडून टाकावं असं दोनदा मनात आलं, दोनदा कुऱ्हाड परत ठेवली.

शेवटी गेलो. भाऊ बांधावर साखऱ्याखाली बसला होता. उभ्यानेच म्हणालो, "काड्या पाहिजेत. काय घेशील बोल."

"काडीनं काय लेवानं?"

"तेच नको मला!" मी ओरडलो. "आयुष्यभर फुकट देतोस आणि मला चोर ठरवतोस. भाव सांग, नाहीतर चाललो."

तो उठला. मग खांद्यावरचा रुमाल काढून त्याने माझ्या हातावर टाकला. जन्मात बाजारात न बसलेला माणूस. रुमालाखाली त्याने माझी दोन बोटं दाबली.

"दोन काय?"

"दोन फांद्या आंबट राहू दे. तू बठ्ठं गोड करी टाकशी, मंग आम्ही लोणचं कशानं टाकवानं?"

मी एक बोट दाबलं. त्याने दोन. मी पुन्हा एक. तो दोनवरून हलेना, आणि त्याच्या बोटांत चांगलाच जोर होता. दोनवर सौदा ठरला. वर फांद्याही त्यानेच येऊन निवडल्या, सगळ्यांत जाड, स्वयंपाकघराकडच्या. मी बडबडत बाकीच्यांवर करवत चालवली.

निम्म्यावर आलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दोन फांद्या आंबट म्हणजे कैऱ्यांना लोक येतच राहणार आणि झाडाचं नाव आंबट्याच राहणार. भाऊ खाली बसून काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळत होता. त्याला हे आधीच कळलं होतं का, ते मी विचारलं नाही.