बॅटरीच्या दारची बेल

आमच्या भिंतीपलीकडे बॅटरी राहतो. थिएटरात डोअरकीपर. तीस वर्षं अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवतोय, म्हणून नावच पडलं. बायको जाऊन अकरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. पण रोज संध्याकाळी त्याच्या दारची बेल वाजायची. मी आमच्या हिला म्हणायचो, "बघ, त्याच्याकडे रोज पाहुणा, नि आपल्याकडे काळं कुत्रं फिरकत नाही!"

त्या थिएटरात दरवर्षी देशोदेशीच्या नवशिक्या दिग्दर्शकांचा महोत्सव भरतो. नियम मोठा गमतीचा. एक तरी प्रेक्षक शेवटपर्यंत बसला पाहिजे, नाहीतर सिनेमा स्पर्धेतून बाद. यंदा एका दुपारी एका पोरीचा पहिलाच सिनेमा लागला. प्रेक्षक मोजून सात. सिनेमात एक म्हातारा, एक घर, बोलणं जवळपास नाहीच. अर्ध्या तासात सहा जण उठले. सातवा घोरत होता, त्याच्यावर भिस्त होती, तर तोही जागा होऊन निघून गेला. पोरगी दाराशी उभी, तोंड एवढंसं झालेलं.

बॅटरी मॅनेजरला म्हणाला, "साहेब, मी बसतो."

"तू इथला नोकर. तू प्रेक्षक कसा?"

"मग माझी अर्ध्या दिवसाची रजा टाका."

गड्याने बॅटरी साहेबांच्या हातात दिली, तिकीट काढलं आणि सवयीने स्वतःच फाडलं! आत गेला तर अंधारात खुर्ची सापडेना. शेवटी मॅनेजरनेच त्याला बॅटरी मारून बसवलं.

पडद्यावर म्हातारा घरी आला. बेल वाजवली. जरा थांबला. मग खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं. आत कोणीच नव्हतं.

सिनेमा संपला, पोरगी स्पर्धेत राहिली. धावतच आली. "आजोबा, कंटाळलात ना?"

"ते बेलचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "शिकायला एकटी राहते ना, मीच तसं करते."



हे बॅटरीने मला सांगितलं तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. अकरा वर्षं मी ज्या पाहुण्याचा हेवा करत होतो, तो हा स्वतःच!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. मी भिंतीला तोंड लावून ओरडलो, "कोण आहे रे?"

 किल्लीचा आवाज आला नाही.

मग बाहेरून हळूच आलं, "मी आहे."