हाताला संत्र्याचा वास

गाडी आमच्या तिगावला दोनच मिनिटं थांबायची आणि बाबा माझ्या लोखंडी पेटीची कडी सोडायला तयार नव्हते. मी डब्यात, पेटी अर्धी फलाटावर. शेवटी म्हणाले, "वरीसभर पाह्यतो. नाही जमलं तं वापस ये, बगीचा कोठी पळून नाही जात." ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आयटीआय केलेला मी फिटर, एकुलता एक, पार तमिळनाडूच्या टोकाला रॉकेटची इंजिनं तपासायच्या केंद्रावर निघालो होतो.

तिथे वारा आणि सांबार, दोन्ही भरपूर. इंजिन पोलादी स्टँडला आवळायचं, पेटवायचं आणि ते किती जोर लावतं ते मोजायचं. पाइप जोडणं माझ्याकडे. काही पाइपांतून ऑक्सिजन जायचा, त्यांत तेलाचा कण राहिला तरी भडका उडायची भीती. मी समजत होतो, हे फक्त ग्रीसबद्दल आहे.

दिवाळीच्या सुटीनंतर मी आमच्या बगीच्यातली आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी उतरणारी, टोपलीभर संत्री घेऊन आलो. पहिला तोडा वाटल्याशिवाय आपण तिगावकर खातो का? जेवणाच्या सुटीत सगळ्यांना स्वतः सोलून दिली, हात नुसत्या पाण्यानं धुतले आणि कामाला लागलो. आमचे सुपरवायझर मुरुगन साहेब जवळ आले, थबकले आणि त्यांनी माझा हात नाकाशी नेला. सालीतलं तेल! मी हात लावलेला एकेक जोड मीच दाखवला. सगळे उघडून पुन्हा साफ झाले, चाचणी लांबली. नोकरी गेलीच म्हणून मी पेटी भरायला घेतली. संध्याकाळी साहेब खोलीवर आले. "उद्या वेळेवर ये. साबणानं हात धुऊन," म्हणाले. "आणि संत्री उरली आहेत का?"

हे सगळं मी घरी लिहिलं. उत्तराऐवजी बाबाच आले. मला न्यायला, हे मी ओळखलं. दुसऱ्या दिवशी चाचणी होती. दूरच्या टेकाडावरून आम्ही पाहिलं. जाळ, गडगडाट, पायाखालची जमीन थरथरली. बाबा कान चोळत म्हणाले, "एवढा जोर लावून राहिलं, अन् जागचं हाललं नाही! बांधलं कोनं?"

"आमच्याच लोकायनं. मी बी होतो."

ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मला परत नेण्याचं नावच काढलं नाही. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी जेवणही विसरलो.

तिगावकरांनो, आजही गाव विचारलं की मी तिगाव सांगतो आणि पत्ता तमिळनाडूतला देतो. दोन्ही खरं आहे, हे मला आईच्या पत्रानं शिकवलं. बाबा परतल्यावर तिनं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं, "तुहे बाबा बजारात साऱ्यायले सांगून राहिले, पोराच्या घरी जाऊन आलो."