ओतलेलं मिठागर

जमिनीवर इतका अविश्वास असलेला माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आमच्या उलव्याच्या सोसायटीत माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या काकांच्या मते जगात सपाट असं काही नाहीच, लोकांनी आळसापोटी तसं मानून घेतलं आहे. त्यांना चहा दिला तर ते आधी चहाची कड कपाला कुठे टेकली आहे ते बघतात आणि मग सांगतात, "ताय, तुमचा टेबल खिरकीकडं उतरलाय." आमच्या गच्चीचा उतार लिफ्टच्या खोलीकडे आहे, हे त्यांनी ताबा मिळाला त्याच दिवशी सेक्रेटरींना सांगितलं होतं. सेक्रेटरी हसले. पुढे पावसाळ्यात त्या खोलीत पाणी शिरून लिफ्ट बंद पडली, आम्ही सगळे बारा दिवस जिने चढत होतो आणि काका प्रत्येक मजल्यावर थांबून सेक्रेटरींच्या गुडघ्यांची चौकशी करत होते. हा त्यांचा स्वभाव नाही, अनुभव आहे. काकांनी तरुणपणापासून खाडीकाठच्या मिठागरात काम केलं. बोटभर उतार चुकला तर एका वाफ्यात मीठ आणि दुसऱ्यात नुसता चिखल, अशा हिशेबाने जगलेला माणूस टाईल्सवर विश्वास ठेवेल कसा?

आमची भागीदारी जमली ती सोसायटीच्या हॉलमध्ये. मी बेलापूरला सरकारी कचेरीत फायली सांभाळते आणि घरी याद्या. त्या वर्षीच्या यादीत सातवा मुद्दा होता 'एक छंद लावून घेणे', म्हणून मी अॅक्रिलिक रंग ओतून चित्रं करायच्या वर्गाला नाव दिलं. यात ब्रश नसतो. पातळ केलेले रंग एका कपात थरावर थर भरायचे, कॅनव्हासवर ओतायचे आणि कॅनव्हास कलता करून ते पसरू द्यायचे. बाईंनी जोड्या करायला सांगितल्या. मी वेळेवर गेल्यामुळे एकटी होते आणि काका चुकून आले होते. रंगाचे डबे बघून त्यांना वाटलं, बिल्डिंगला रंग काढताहेत. बाई शिकवत होत्या आणि काका टेबलाखाली वाकून पायाला पेपराची घडी लावत होते. "मॅडम, तुमी चालू द्या. ह्यो पाय आखूड हाय." तासाभराने बाकी सगळ्यांचे रंग ओघळून एकमेकांच्या पिशव्यांत गेले होते आणि आमचा जागच्या जागी होता.

तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता त्यांच्या बाल्कनीत आमचं काम चाले. मी ओतणार, काका कलवणार. मी रंग, गोंद आणि पाणी मापाने घ्यायची आणि वहीत लिहायची. काका कपात बोट बुडवून म्हणायचे, "अजून पानी मागतंय." बोट बुडवून झालं की ते सवयीने जिभेकडे जायचं, कारण मिठागरात पाणी पिकलं की नाही हे चाखूनच कळतं. माझ्या यादीत 'काकांच्या बोटाकडे लक्ष' हा मुद्दा कायमचा होता. तरी एकदा निळा रंग त्यांच्या पोटात गेलाच. मी घाबरून डॉक्टरांना फोन लावत होते आणि हे शांतपणे म्हणाले, "अलनी हाय."

या सगळ्या उद्योगामागचं कारण मला तिसऱ्या रविवारी कळलं. चित्र झालं की काका ते सांभाळून स्वयंपाकघराच्या दाराशी नेत आणि आत काकींना विचारत, "वलख, काय हाय?" काकी कोलंबी सोलत असत. मान वर करून त्या एकदाच बघत. "करपलेली वांगी." पुढच्या रविवारी, "सुनेचा गाऊन." त्याच्या पुढच्या रविवारी, "अवो, कुनी वकलंय काय तिथं?" काका परत येत आणि म्हणत, "ताय, दुसरा कप भरा."

ज्या मिठागरात काकांनी डोक्यावर पाटी घेतलेल्या काकींना पहिल्यांदा पाहिलं, ज्यात लग्नानंतर दोघांनी मिळून मीठ ओढलं, त्याचा एकही फोटो नव्हता. आता तिथे भराव आहे, आणि भरावावर विमानतळाकडे जाणारा रस्ता. "तवा कोनाकडं मोबाईल व्हता?" काका म्हणाले. चित्रात मिठागर उतरावं आणि काकींनी ते आपण होऊन ओळखावं, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, "मग काकींना सांगून टाका ना, हे मिठागर आहे म्हणून." ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी मिठागराच्या बांधावरून चपला घालून चालले होते. "सांगून वलखली, त मंग ती वलख कसली?"

मग मी हे काम हातात घेतलं. काकांना बसवून रीतसर प्रश्न विचारले. चिखल कोणत्या रंगाचा? ओला का सुका? मीठ धरायच्या आधी पाणी कसं दिसतं? "गुलाबी," ते म्हणाले. मी विश्वास ठेवला नाही, तर त्यांनी चार वेळा शपथ घेतली. कितीतरी कप वाया गेले. शेवटी एका रविवारी मी पांढरा जास्त घेतला, खाकी तळाशी, गुलाबी अगदी चमचाभर. काकांनी कॅनव्हास हातात घेतला आणि इतका हळू कलवला की मला श्वास घ्यायची भीती वाटली. पांढऱ्याच्या कडा उभ्या राहिल्या, मधे चौकोनी चौकोनी गुलाबी पाणी साचलं. आता चित्र दोन दिवस सपाट वाळायला हवं होतं.

इथे आमच्या दोघांच्या गुणांनी घात केला. चित्र चार उलट्या कपांवर ठेवून मी हात धुवायला गेले. तेवढ्यात काकांनी ताटात पाणी घेऊन उतार तपासला आणि एका कपाखाली पुठ्ठा सारला. मग ते साबण मागायला आत आले. मी बाहेर जाऊन मोबाईलवर उतार मोजला, माझा तर ताटावर विश्वासच नव्हता, आणि मोबाईलने अजून उतार दाखवला म्हणून त्याच कपाखाली आणखी एक पुठ्ठा सारला. एकमेकांना कोणीच सांगितलं नाही. आम्ही दोघं समाधानाने चहा पीत बसलो आणि काकी बादली घेऊन कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेल्या.

"अगं बाय! बांध फुटला!"

आम्ही धावलो. पुठ्ठ्यांच्या समोरच्या कोपऱ्यातून गुलाबी-पांढरा रंग फरशीवर उतरत होता आणि काकी उकिडव्या बसून पिळलेला टॉवेल त्या कोपऱ्याशी दाबून धरत होत्या, दुसऱ्या हाताने रंग मागे लोटत होत्या. एरवी नवऱ्याला 'अवो' म्हणणाऱ्या काकी सरळ एकेरीवर आल्या. "झोपलास ना परत? बगत काय ऱ्हायलास, चिखल आन! सगलं पानी खारीत चाललंय!"

काका हलले नाहीत. फार हळू आवाजात त्यांनी विचारलं, "वलखलंस?"

काकींनी हाताकडे बघितलं, मग चित्राकडे. "त्यात काय वलखायचं? पाय भाजून निंघालं माजं त्यात." आणि त्या तशाच बसून राहिल्या, टॉवेल धरून.

मी पुठ्ठा काढायला वाकले, पण काकांनी हाताने थांबवलं. जेवढं वाहायचं तेवढं वाहिलं. ते चित्र, काकींच्या चार बोटांच्या खुणांसकट, आता त्यांच्या हॉलमध्ये आहे.

त्यानंतरच्या रविवारी मी नवे कॅनव्हास आणि धुतलेले कप घेऊन अकराला बेल वाजवली. दार काकांनीच उघडलं. म्हणाले, "आता काय ओताचा, ताय?" तेवढ्यात आतून काकींचा आवाज आला, "अवो, इकरं या. विहीर ह्या अंगाला व्हती, तुमी खोटं बोलताव!" काका लगबगीने वळले आणि दोघं चित्रासमोर उभे राहून भांडायला लागले. कप घेऊन मी थोडा वेळ उंबऱ्यावर थांबले. मला आत बोलवायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.